डब्यातला चमचा : धायरीतल्या एका बाळाची केस

घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, नावं कुणाचीच देणार नाही. मी पुण्यात बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करते, आधी बरीच वर्षं नर्स होते, त्यामुळे आज्या मला अजून सिस्टर म्हणतात आणि पोरी ताई म्हणतात. ही केस लिहायचं कारण म्हणजे "दूध पुरत नाही" हे वाक्य मी रोज ऐकते, पण या घरात त्या वाक्याच्या मागे एक नाही दोन गोष्टी निघाल्या, आणि त्यातली दुसरी मला पहिल्या भेटीत दिसलीच नाही.

मुलगी ३८ दिवसांची. जन्माचं वजन २ किलो ९००. सिझर झालेलं, पहिलं दूध पाच-सहा तासांनी मिळालं, तोपर्यंत वरचं पाजून झालेलं होतं. चौथ्या दिवशी घरी सोडताना वजन २ किलो ६९०, म्हणजे २१० ग्रॅम कमी. आता हे नीट समजून घ्या, पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत येतं. हिचं सात टक्क्यांच्या थोडं वर उतरलं होतं, म्हणजे लक्ष ठेवायला हवं, पाजताना कुणीतरी शेजारी बसून बघायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. पण तिथं आईला सांगितलं की दूध कमी आहे, आणि कार्डावर पावडरीच्या डब्याचं नाव लिहून दिलं, ब्रँडसकट. आपल्याकडे १९९२ पासून बाळाच्या पावडरीच्या जाहिरातीवर आणि प्रचारावर बंदी घालणारा कायदा आहे, २००३ मधे तो आणखी कडक झाला, तरी हे होतं. मला त्याचा राग येतो, कारण त्या एका ओळीनंतर त्या पोरीने स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवणंच सोडून दिलं.

फोन तिच्या नवऱ्याने केला. तो चाकणला कंपनीत, शिफ्टमधे. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की ससूनमधे आईच्या दुधाची बँक आहे, तिथून दूध मिळेल का असं विचारत होता. मी सांगितलं अहो ते दूध दिवस न भरलेल्या, आजारी, नवजात बाळांच्या आयसीयूतल्या बाळांसाठी असतं, तुमचं बाळ दिवस भरलेलं आहे आणि आई घरात आहे, आधी मला बघू द्या.

पावसाळ्याचे दिवस, सिंहगड रोड तुंबलेला, पोचायला दीड तास लागला. दोन खोल्यांचं घर, दोरीवर लंगोट वाळत घातलेले, कोपऱ्यात शेगडी. आईची आई सासवडहून आलेली. दरवर्षी माऊलींची पालखी सासवडला मुक्कामाला असते तेव्हा त्यांच्या गल्लीत पिठलं-भाकरीचा घाट असतो, यंदा लेकीच्या बाळंतपणामुळे त्या पहिल्यांदा चुकल्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे येणार आहे ते वाचून कुणी त्या बाईला बोल लावू नये. दिवसरात्र त्याच उठत होत्या.

"अवो सिस्टर, अंगावरचं पुरतच नाय हिला. अर्धा तास वढती आन् परत रडती. बाटली दिली की गप."

वजनकाटा काढला. ३ किलो १८०. चौथ्या दिवसापासून ३४ दिवसांत ४९० ग्रॅम वाढ, दिवसाला साधारण १४ ग्रॅम. या वयात २५-३० तरी हवेत. लसीकरणाच्या कार्डावरच्या तक्त्यात बिंदू टाकला तर तो हिरव्या पट्ट्यातून घसरून पिवळ्यात. आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट म्हणजे घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण घरी आल्यापासून वजन केलंच नव्हतं. शू भरपूर होते ना, दिवसाला आठ-नऊ लंगोट ओले, मग बरं चाललंय असं सगळे धरून चालले होते. मीही ते ऐकून जरा निश्चिंत झाले. ही माझी पहिली चूक.

मग म्हटलं पाज, मी बघते. तिने बाळ मांडीवर आडवं घेतलं, मान वाकडी, बाळाचं पोट छताकडे, आणि वाकून स्तन बाळाच्या तोंडात दिला. टाक्यांवर भार येतो म्हणून ती अंग चोरून बसलेली. बाळाच्या तोंडात फक्त बोंडी, गाल आत ओढले जात होते, चुकचुक आवाज, पण गिळण्याचा आवाज कुठे नाही. सुटल्यावर बोंडी चपटी आणि तिरकी, टोकाला भेग. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते पूर्ण वेळ, म्हटलं दुखतंय का, तर म्हणे दुखतंच ना ताई सगळ्यांना. नाही. सुरवातीच्या दिवसांत थोडं हुळहुळतं, पण भेगा पडून दर वेळी डोळ्यात पाणी येणं हे पकड चुकल्याचं लक्षण आहे, सहन करायची गोष्ट नाही.

पाजायच्या आधी आणि नंतर त्याच कपड्यात वजन केलं होतं. ३५ मिनिटांत फरक १५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम १५ मिली दूध गेलं. एवढं ओढून एवढंच हाती लागत असेल तर बाळ रडणार नाही तर काय करणार.

दुसऱ्या बाजूला पोझिशन बदलली. सिझर झालेल्यांना मी काखेतली देते, बाळाचं अंग आईच्या काखेखालून मागे, उशांचा आधार, टाक्यांना धक्काच नाही. बाळाचं नाक बोंडीसमोर, डोकं किंचित मागे, हाताने मान आणि खांद्याला आधार, डोक्याला मागून ढकलायचं नाही. स्तन धरायचा कसा ते सांगताना मी वडापाव सांगते, आपण वडापाव खाताना तो ओठांच्या दिशेने दाबून धरतो ना, उभा धरला तर तोंडात जाईल का, तसंच इथे, बोटं आणि अंगठा बाळाच्या ओठांना समांतर आणि काळ्या भागापासून लांब. बाळाने जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसेल खालच्या ओठाकडे कमी. तीन-चारदा चुकलं, पाचव्यांदा जमलं. आणि मग आवाज बदलला, दोन-तीन ओढ आणि एक गिळणं, दोन-तीन ओढ आणि एक गिळणं. आई एकदम म्हणाली "ताई दुखत नाहीये". वजन केलं, ३० ग्रॅम. म्हणजे दूध होतं, निघत नव्हतं.

दूध कसं बनतं हे मी प्रत्येक घरात सांगते कारण इथेच सगळं आहे. बाळ ओढतं तेव्हा दोन हार्मोन कामाला लागतात, प्रोलॅक्टिन दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं, ज्याला आपण पान्हा फुटणं म्हणतो. पण दूध आत साठून राहिलं तर स्तनच पुढचं बनवणं कमी करतो. म्हणजे जेवढं निघेल तेवढं बनेल. बाटली वाढली की अंगावरचं निघणं कमी, निघणं कमी की बनणं कमी, आणि मग खरंच दूध कमी होतं. पहिल्या दिवशी जे खरं नव्हतं ते महिन्याभरात खरं होऊन बसतं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, आणि नेमकी रात्रीची पाळी आजींनी बाटलीवर घेतली होती, लेकीला झोप मिळावी म्हणून.

त्या दिवशी सांगून आले, आधी अंगावर दोन्ही बाजू, २४ तासांत आठ ते बारा वेळा, मग हाताने किंवा पंपाने काढायचं, रात्री निदान एकदा, आणि वरचं दूध बाटलीने नको, उकळलेल्या बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. बाटलीत धार आपोआप लागते, पाच मिनिटांत ६० मिली पोटात, मग बाळाला अंगावर मेहनत करायची सवयच लागत नाही. गुटी चालू होती, सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून आणि वर बोटभर मध. ती बंद करायला सांगितली, मधाचं तर ठामपणे, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. आजी नाराज झाल्या, पण ऐकलं. वरचं दूध किती देता विचारलं, तर ६० मिली सहा वेळा. ते तसंच ठेवा म्हटलं, एकदम बंद करू नका, बाळ आधीच खाली आहे.

डब्यावर लिहिलंय तसंच बनवता ना, हे विचारलं. हो म्हणाल्या. मी पुढे गेले.

तीन दिवसांनी, ४१व्या दिवशी परत गेले तेव्हा मला वाटलं होतं काटा छान दाखवेल. पकड सुधारलेली, भेगा भरत आलेल्या, दर वेळी २५-३० मिली जातंय. वजन ३ किलो २२०. तीन दिवसांत फक्त ४० ग्रॅम. मला कळेना. अंगावरून सात वेळा म्हणजे दोनशेच्या आसपास, वरून ३६०, म्हणजे साडेपाचशे मिलीच्या वर जातंय, आणि या वजनाच्या बाळाला किलोमागे दीडशे मिली धरलं तरी पावणेपाचशे पुरेत. मग वाढ का नाही? आजारी आहे का, शोषण होत नाहीये का, डोक्यात नको ते विचार यायला लागले.

तेवढ्यात नवरा रात्रपाळीहून आला आणि चपला काढता काढता सासूबाईंना म्हणाला, "आई, डबा संपत आला ना, पंधरा दिवस झाले, येताना नवीन आणू का?"

पंधरा दिवस. त्यांचा डबा ४०० ग्रॅमचा, त्यावर लिहिलेलं प्रमाण ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा, चमचा साडेचार ग्रॅमच्या आसपास. ६० मिलीच्या सहा वेळा म्हणजे दिवसाला १२ चमचे, ५४ ग्रॅम. असा डबा आठवड्याभरात संपायला हवा. पंधरा दिवस पुरतोय म्हणजे निम्मीच पावडर जातेय.

म्हटलं आजी, एकदा माझ्यासमोर बनवून दाखवा. त्यांनी पाणी ६० च्या खुणेपर्यंत घेतलं, एक चमचा टाकला, हलवलं.

मी विचारलं एकच? तर त्या सहज म्हणाल्या, "दोन टाकले की घट्ट व्हतं. पोरीला खडा झाला व्हता, दोन दिस शीला बसली न्हवती. घट्ट दूध बाधतं लहान जिवाला. आमी गाईचं दूध पन पानी घालूनच पाजलं की समद्यांना." महिनाभर असंच चाललं होतं. लेकीला माहीत नव्हतं कारण बनवायच्या त्या, जावयाला माहीत नव्हतं कारण तो घरात असायचा तेव्हा झोपलेला असायचा. आणि मी विचारलं होतं पण बघितलं नव्हतं.

आता सगळं जुळलं. ३६० मिलीतून पोषण १८० मिलीचंच, अंगावरून आधी शंभर-सव्वाशे, म्हणजे गरजेच्या दोन तृतीयांशच्या आत. आणि शू भरपूर का, तर पाणी भरपूर म्हणून. ओले लंगोट मोजणं ही फक्त अंगावर पिणाऱ्या बाळासाठी चांगली खूण आहे, वरचं दूध पातळ होत असेल तर तीच खूण फसवते. बाळ भरल्यासारखं दिसतं, गप्प झोपतं, लंगोट ओले होतात आणि वजन जागच्या जागी. नुसती वाढ खुंटते एवढंच नाही, एवढ्या लहान बाळाच्या शरीरात जास्त पाणी गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात. त्यामुळे मी त्यांना तसंच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, संध्याकाळीच. त्यांनी तपासलं, रक्त बघितलं, सोडियम ठीक आलं, जीभ वगैरे बांधलेली नाही, बाकी काही आजार नाही. तो रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आजींशी बोलणं ही या केसमधली सगळ्यात अवघड गोष्ट होती. लेक रडायला लागली, "आई तू मला सांगितलं का नाहीस", आणि त्या बाईचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी त्यांना किचनमधे नेलं आणि एवढंच म्हटलं, आजी भाकरीच्या पिठात दुप्पट पाणी घातलं तर भाकरी होईल का, कंपनीने पीठ आणि पाण्याचं माप ठरवून दिलंय, आपण पाणी वाढवलं की बाळाचं पोट भरतं पण अंगी लागत नाही. आणि शी एक-दोन दिवस नाही झाली तरी मऊ असेल तर ती बद्धकोष्ठता नाही, पावडरीच्या दुधावर जरा घट्ट होतेच, जसजसं अंगावरचं वाढेल तसतशी ती पातळ पिवळी होईल. त्या म्हणाल्या मला लिहून द्या. डब्याच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, ६० ला २. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबून भरायचा नाही. तेव्हापासून त्यांनी एकदाही चुकवलं नाही, मी तीनदा न सांगता जाऊन बघितलं.

बाळंतिणीच्या ताटाकडेही बघितलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-भात, चांगलंच होतं सगळं, अळिवात लोहही भरपूर. पण भाजी नाही, फळ नाही, दही नाही, सर्दी होईल म्हणून, आणि पाणीसुद्धा मोजून. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, ती भूक मारायची नसते. मेथी, शेपू, बाजरीची भाकरी, डाळ, जमत असेल तर अंडं, तहान लागेल तेवढं पाणी. मात्र हेही सांगितलं की अळीव कितीही खा, दूध काढलं नाही तर वाढणार नाही. खाणं आईच्या अंगासाठी, दूध वाढतं ते ओढण्याने.

पुढचं काट्यावरच सांगते. ४५व्या दिवशी ३ किलो ३८०, चार दिवसांत १६० ग्रॅम. ५२व्या दिवशी ३६५०, आणि अंगावर एका वेळी ५० मिली जायला लागलं. तेव्हा पहिल्यांदा वरचं कमी केलं, ३६० वरून २४०, पावडर तीच मापात, वेळा कमी. ५९व्या दिवशी ३९००. परत कमी, १२० वर.

मग ६२-६३व्या दिवशी संध्याकाळी पाच ते नऊ बाळ सोडेचना, पाजलं की वीस मिनिटांत परत. रात्री साडेदहाला मला फोन, ताई गेलं दूध, परत गेलं. छाती मऊ लागतेय, पंपाला पूर्वीसारखं येत नाहीये. मी म्हटलं मऊ लागणं म्हणजे दूध गेलं नाही, आता ते बाळाच्या गरजेशी जुळायला लागलंय म्हणून आधीसारखं फुटल्यासारखं होत नाही. आणि संध्याकाळी असं लागून लागून पिणं अधूनमधून होतंच, बाळ वाढवायची ऑर्डर देतंय म्हण. डबा उघडायच्या आधी परवा वजन करू. त्या दोन रात्री आजींनी स्वयंपाक, धुणं, सगळं ओढलं आणि लेकीला फक्त पाजायला बसवलं. ६६व्या दिवशी ४ किलो १२०, बिंदू परत हिरव्या पट्ट्यात. तो तक्ता आजींनी स्वतःच्या मोबाईलमधे फोटो काढून ठेवला.

७५व्या दिवशी ४४००, एका वेळी ८० ते ९० मिली. ७८व्या दिवसापासून वरचं शून्य. ९०व्या दिवशी ४८५०. देशात सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ अंगावर आहेत असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, ही मुलगी उशिरा का होईना त्यात आली. नेहमी एवढं पूर्ण परत येतंच असं नाही, काही आयांचं थोडं वरचं चालूच राहतं आणि त्यातही काही कमीपणा नाही, फक्त ते मापात हवं आणि वजन बघून हवं.

आई २६ आठवड्यांच्या रजेनंतर कामावर जाणार होती, त्यामुळे शेवटच्या महिन्यात दूध काढून ठेवायची तयारी केली, स्टीलच्या झाकणाच्या वाट्या, बाहेर चार तासांपर्यंत, फ्रीजमधे आतल्या बाजूला, दारात नाही, आणि गरम करायचं तर कोमट पाण्यात वाटी ठेवून, गॅसवर नाही. कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन छोट्या सुट्ट्या मिळतात हे तिच्या ऑफिसला माहीत नव्हतं, तिने कागद नेऊन दाखवला.

१८० दिवस पूर्ण झाले तेव्हा शेवटची गेले. वजन ६ किलो ४००. बाळाच्या जन्मासोबत आलेला लोहाचा साठा या सुमाराला संपत येतो, म्हणून लोहाच्या थेंबांचं डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगितलं, आणि वरचं अन्न आजपासून. इथे बहुतेक घरांत वरणाचं पाणी, भाताची पेज असलं काहीतरी सुरू करतात, पोट छोटं आणि त्यात परत पाणी, म्हणून मी मनात सगळं जुळवून गेले होते की पातळ का नको ते कसं सांगायचं.

आजी सासवडहून त्याच सकाळी आलेल्या. मऊ मुगाच्या खिचडीत तूप घालून हाताने कुस्करलेलं, चमच्यात घेतलेलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी चमचा उलटा तिरका करून माझ्यासमोर धरला, सांडतंय का बघायला. सांडलं नाही. मग तो बाळाच्या ओठांना लावला.